संरक्षणमंत्र्यांचे तीन प्रवास

एखाद्या राष्ट्राचा नेता परदेशी जातो, त्या वेळी वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. विमानाच्या शिडीवरून उतरणारा पाहुणा, सैनिकांची मानवंदना, फुलांचे गुच्छ, भोजनसमारंभ हे सारे पाहून असे वाटावे की, ही भेट म्हणजे केवळ आदरातिथ्याचा सोहळा आहे. परंतु अशा भेटीचा खरा भाग छायाचित्रात कधीच उतरत नाही. तो बंद दाराआड, लांब मेजाच्या दोन्ही बाजूंस बसून, कागदांच्या चळती पुढे ठेवून चाललेला असतो. कोणती वस्तू द्यावयाची, कोणत्या किमतीस, किती वर्षांच्या हप्त्यांनी आणि कोणत्या अटींवर, याचा तेथे बारकाईने कीस काढला जातो. तेथे पाहुणाही आपल्या देशाच्या हिताचा विचार करीत असतो आणि यजमानही आपल्या.

ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. पेशवाईत मराठ्यांचे वकील दूरदूरच्या दरबारांत राहत असत. त्या काळी वकील या शब्दाचा अर्थ न्यायालयात वाद करणारा असा नसून, आपल्या राज्याच्या वतीने परक्या दरबारात बोलणारा प्रतिनिधी असा होता. नाशिकच्या हिंगणे घराण्यातील पुरुषांनी दिल्लीच्या दरबारात हे काम पुष्कळ वर्षे केले व तेथून पुण्यास लिहिलेली त्यांची पत्रे आज इतिहासकारांना मोलाची वाटतात. स्वतंत्र भारताच्या काळात हे काम राजदूत करतात. परंतु काही गोष्टी अशा असतात की, त्यांसाठी राजदूताचे वजन पुरे पडत नाही. तेथे स्वतः मंत्र्याला जावे लागते. १९६४ या एका वर्षात भारताचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांना असे तीन वेळा जावे लागले. प्रथम अमेरिका, नंतर सोव्हिएत संघ आणि शेवटी ब्रिटन. त्या तीन प्रवासांची ही हकीकत आहे.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या खेड्यात झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते; आज ते सांगली जिल्ह्यात आहे. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले आणि आई विठाबाई यांनी कष्टाने मुलांना वाढविले. कऱ्हाडच्या शाळेत शिकत असतानाच ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले व तुरुंगात गेले. पुढे ते वकील झाले, मंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांचे सारे राजकारण तोपर्यंत महाराष्ट्राच्या मातीतले होते. शेतकरी, सहकारी संस्था, पंचायती, शिक्षण हे त्यांचे विषय. रणगाडे आणि विमाने यांच्याशी त्यांचा संबंध आला नव्हता.

तो संबंध १९६२ मध्ये अकस्मात आला. त्या वर्षीच्या २० ऑक्टोबरला चीनने लडाख व नेफा या दोन्ही आघाड्यांवर मोठा हल्ला केला. त्या काळी ईशान्य सीमेवरील प्रदेशास नेफा म्हणत. आज तेथे अरुणाचल प्रदेश हे राज्य आहे. भारतीय जवान शर्थीने लढले. पण हिमालयाच्या बर्फात लढण्यास लागणारे गरम कपडे नव्हते, चांगल्या रायफली पुरेशा नव्हत्या, डोंगरात जाण्यासारखे रस्ते नव्हते. देशाला पराभव पत्करावा लागला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्या जागी यशवंतरावांना मुंबईहून बोलावून घेतले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, असे तेव्हा महाराष्ट्रात घरोघर म्हटले जाई. पुढच्याच वर्षी नाशिकच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर बिनविरोध निवडून दिले. नाशिकचे हे नाव ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण या हकिकतीत ते पुन्हा येणार आहे.

दिल्लीत गेल्यावर यशवंतरावांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो शौर्याचा नव्हता, सामग्रीचा होता. सैन्य वाढवावयाचे तर त्याला शस्त्रे हवीत, विमाने हवीत, जहाजे हवीत. १९६४ मध्ये संरक्षण खात्याने प्रथमच पाच वर्षांची योजना आखली. सुमारे सव्वाआठ लाखांचे भूदल आणि पंचेचाळीस तुकड्यांचे वायुदल उभे करावे, नौदलाच्या जुन्या जहाजांच्या जागी नवी जहाजे आणावीत, शस्त्रसामग्रीचे कारखाने वाढवावेत, असे तीत ठरले होते. योजना कागदावर उत्तम होती. परंतु ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणारे लढाऊ विमान बनविण्याची पुरती विद्या तेव्हा भारताजवळ नव्हती, मोठी युद्धनौका बांधण्याचा अनुभव नव्हता, आणि या वस्तू परदेशांतून रोखीने घेण्याइतके परकीय चलनही तिजोरीत नव्हते. देशात अन्नधान्य अपुरे होते. धरणे, पोलादाचे कारखाने, शाळा यांसाठीही पैसा लागत होता. तेव्हा जेथून सामग्री मिळेल, उधारीवर मिळेल आणि शक्य तर ती बनविण्याची विद्याही मिळेल, अशी ठिकाणे शोधणे भाग होते.

आणि येथेच खरी अडचण होती. त्या काळी जग दोन तटांत विभागले गेले होते. एकीकडे अमेरिका, ब्रिटन व त्यांची मित्रराष्ट्रे, दुसरीकडे सोव्हिएत संघ व त्याच्या बाजूची राष्ट्रे. दोन्ही तटांजवळ अण्वस्त्रे होती. जो एका तटाचा मित्र, तो दुसऱ्याचा शत्रू, असे मानण्याची तेव्हाची रीत होती. नेहरूंनी भारताला कोणत्याच तटात बसविले नाही. प्रत्येक प्रश्नाचा विचार आपल्या बुद्धीने करावा आणि सर्वांशी मैत्री ठेवावी, हे त्यांचे धोरण होते. त्याला अलिप्ततेचे धोरण म्हणत. अलिप्त म्हणजे जगाकडे पाठ फिरवून बसलेला नव्हे. स्वतः नेहरू १९४९ मध्ये अमेरिकेस आणि १९५५ मध्ये सोव्हिएत संघास जाऊन आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत नेते बुल्गानिन व क्रुश्चेव्ह भारतात आले आणि १९५९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले. परंतु पोलादाच्या कारखान्यासाठी दोन्ही तटांकडून साह्य घेणे वेगळे आणि लढाऊ विमानांसाठी घेणे वेगळे. शस्त्र देणारा राजा शंभर वेळा विचार करतो. हे शस्त्र कोणावर चालेल? त्याची रहस्ये आपल्या शत्रूच्या हाती तर जाणार नाहीत? पाकिस्तानने १९५४ पासून अमेरिकेशी लष्करी करार केले होते आणि तिच्याकडून त्याला आधुनिक विमाने मिळाली होती. भारताला तशीच विमाने दिली, तर पाकिस्तान रुष्ट होणार हे उघड होते.

मंत्र्याच्या प्रवासाची तयारी कित्येक महिने आधी सुरू होते. भूदल, नौदल आणि वायुदल आपापल्या गरजांच्या याद्या तयार करतात. अर्थखाते त्या याद्यांवर लाल रेघा मारते. आपला राजदूत परक्या राजधानीत भेटीगाठी घेऊन कोणती मागणी मान्य होण्याजोगी आहे, कोणती नाही, याचा अंदाज कळवितो. त्या वेळी वॉशिंग्टनला बी. के. नेहरू आणि मॉस्कोला टी. एन. कौल हे भारताचे राजदूत होते. मंत्री जातो, तेव्हा त्याच्या बरोबर सचिव, सेनाधिकारी आणि तज्ज्ञ असतात. ते वेगवेगळ्या खोल्यांत बसून तपशील ठरवितात. जेथे गाठ सुटत नाही, तेथे दोन्ही मंत्री ती सोडविण्यास बसतात. भाषा वेगळी असेल, तर दुभाष्याच्या तोंडून बोलावे लागते आणि एका वाक्याला दुप्पट वेळ लागतो. शेवटी संयुक्त पत्रक निघते. त्यातला शब्द न् शब्द तोलून घातलेला असतो. चर्चा मैत्रीपूर्ण वातावरणात झाली, असे पत्रकात असेल, तर काही तरी जुळले असे समजावे. चर्चा मोकळेपणाने झाली, एवढेच असेल, तर मतभेद झाले असे जाणकार ओळखतात.

यशवंतरावांचा पहिला प्रवास अमेरिकेचा. १९६४ च्या मे महिन्यात ते वॉशिंग्टनला गेले. चिनी आक्रमणाच्या वेळी अमेरिकेने भारतास तातडीने मदत धाडली होती व पर्वतीय सैन्यतुकड्यांना लागणारी सामग्रीही दिली होती. त्यामुळे मनात आशा होती. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांच्याशी बोलणी सुरू झाली. मॅक्नमारा हे आकड्यांचे मोठे पंडित. भारताला एफ-१०४ जातीची स्टारफायटर विमाने हवी होती; तीच विमाने अमेरिकेने पाकिस्तानला दिली होती. अमेरिकेचे म्हणणे असे पडले की, ही विमाने फार महाग आहेत, भारतासारख्या गरीब देशाने एवढा खर्च करू नये, त्याने तो पैसा विकासाकडे लावावा. उपदेश वाईट नव्हता. परंतु तो करणाऱ्यानेच शेजाऱ्याला तीच विमाने दिलेली असल्यामुळे तो गळी उतरणे कठीण होते.

बोलणी संपूर्ण होण्यापूर्वीच एक भयंकर वार्ता आली. २७ मे १९६४ रोजी दिल्लीत पंतप्रधान नेहरू यांचे निधन झाले. दिल्लीत तेव्हा दुपार होती, वॉशिंग्टनमध्ये पहाट. ज्यांनी यशवंतरावांना विश्वासाने दिल्लीस आणले आणि ज्यांच्या वतीने ते परदेशात बोलत होते, तेच नाहीसे झाले होते. प्रवास तसाच अर्धवट सोडून यशवंतराव मायदेशी परतले. जूनच्या प्रारंभी अमेरिकेने आपला निर्णय जाहीर केला. काही मदत व काही कर्ज ती देणार होती. स्टारफायटर मात्र मिळाले नाहीत. याला अपयश म्हणावे काय? पुरते तसे म्हणता येणार नाही. जे मिळाले ते उपयोगी होते आणि जे मिळणार नाही ते निश्चितपणे कळले, म्हणून पुढची वाट धरणे सोपे झाले. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले व त्यांनी संरक्षणखाते यशवंतरावांकडेच ठेवले.

दुसरा प्रवास सोव्हिएत संघाचा. ऑगस्टच्या अखेरीस यशवंतराव मॉस्कोला गेले, ते सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास परतले. या भेटीचा मुख्य विषय मिग-२१ हे विमान. त्याविषयीचा पहिला करार १९६२ मध्येच झालेला होता आणि १९६३ मध्ये पहिली काही विमाने चंदीगडला येऊनही पोचली होती. तेथे वायुदलाची अठ्ठावीस क्रमांकाची तुकडी उभी राहिली. ध्वनीपेक्षा वेगवान विमानांची भारतातली ती पहिली तुकडी. परंतु यशवंतरावांना केवळ विमाने नको होती, विमानांचा कारखाना हवा होता.

या दोहोंतील भेद नीट समजून घेतला पाहिजे. कल्याणजवळ आंबिवली येथे राहणाऱ्या मुलांना तो पटकन समजेल. आंबिवलीला लागून असलेल्या मोहोने येथे कृत्रिम रेशमाचा, म्हणजे रेयॉनचा मोठा कारखाना होता. तो २००९ मध्ये बंद पडला. पण तोवर कित्येक कुटुंबांचे जीवन त्याच्या भोंग्यावर चालत असे. बाजारातून रेयॉनचे कापड आणणे हे एका दिवसाचे काम आहे. कापड फाटले की पुन्हा दुकानाची पायरी चढावयाची आणि दुकानदार सांगेल ती किंमत द्यावयाची. कारखाना उभा केला, म्हणजे यंत्रे लागतात, रसायने लागतात, वीज आणि पाणी लागते. कारागीर शिकवून तयार करावे लागतात. चूक झाली तर ती कोठे झाली हे शोधणारी माणसे लागतात. प्रारंभी ते महाग पडते. मात्र एकदा ती माणसे तयार झाली, की दुकानदाराची मर्जी सांभाळण्याची गरज उरत नाही. विमानाचेही तसेच आहे. आणि विमानाच्या बाबतीत दुकानदाराने युद्धाच्या ऐन वेळी दुकान बंद केले, तर विमाने सुट्या भागांवाचून जमिनीवरच बसून राहतात.

दुसऱ्या देशाच्या आराखड्यावरून, त्याच्या परवान्याने वस्तू बनविण्याच्या या पद्धतीत कामे पायऱ्यापायऱ्यांनी होतात. प्रथम तयार विमाने येतात. मग सुटे केलेले मोठे भाग येतात व येथे जोडले जातात. त्यानंतर लहान भाग येतात आणि शेवटी केवळ कच्चा माल घेऊन सारे विमान येथेच घडविले जाते. ब्रिटनच्या परवान्याने नॅट नावाची छोटी विमाने बंगलोरला अशाच रीतीने बनत होती. मिग-२१ साठी तीन ठिकाणे ठरली. विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि विद्युत्-उपकरणे हैदराबाद येथे. मॉस्कोच्या वाटाघाटींत या कारखान्यांना लागणाऱ्या साहाय्याचा करार पक्का झाला. शिवाय आणखी विमाने, हेलिकॉप्टर आणि पाण्यातून जाऊ शकणारे हलके रणगाडे मिळण्याचेही ठरले.

पैशाचे काय? सोव्हिएत संघाशी झालेल्या व्यवहाराची खरी सोय येथे होती. हे कर्ज भारताने दीर्घ मुदतीत फेडावयाचे होते आणि तेही डॉलरमध्ये नव्हे, रुपयांत. त्या रुपयांतून सोव्हिएत संघाने भारतातला चहा, ताग, कातडी वस्तू असा माल घ्यावयाचा. म्हणजे आसामातील मळ्यात चहाची पाने खुडणारी बाई आणि ओझरला विमानाचा पंख जोडणारा कामगार या दोघांची मजुरी एकाच हिशेबाच्या दोन बाजूंना मांडली जात होती, असे म्हणता येईल. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशास ही सवलत फारच मोठी होती.

सोव्हिएत संघाने एवढा हात सैल का सोडला, असा प्रश्न चौकस मुलांना पडेल. त्याचे उत्तर केवळ उदारपणात शोधू नये. चीन व सोव्हिएत संघ ही दोन साम्यवादी राष्ट्रे तोवर एकमेकांपासून दुरावली होती. चीनच्या शेजारी भारत बलवान असावा, यात मॉस्कोचाही लाभ होता. दोघांचा लाभ एके ठिकाणी येतो, ती जागा हेरणे हेच शिष्टाईचे कसब. यशवंतराव परतल्यावर अवघ्या महिन्याभरात, ऑक्टोबर १९६४ मध्ये, क्रुश्चेव्ह यांना सत्तेवरून दूर व्हावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या नेत्यांनी मात्र भारताशी झालेले करार पाळले. करार दोन व्यक्तींत होत नाही, दोन राष्ट्रांत होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरा प्रवास नोव्हेंबरमध्ये लंडनचा झाला. तेथेही नुकतेच सरकार बदलले होते व मजूर पक्षाचे हॅरोल्ड विल्सन पंतप्रधान झाले होते. भारताचे नौदल ब्रिटिश पद्धतीवर वाढलेले; त्याची बहुतेक जहाजे ब्रिटिश बांधणीची, त्याचे अधिकारी ब्रिटनमध्ये शिकलेले. त्यामुळे नौदलासाठी प्रथम तेथेच जाणे स्वाभाविक होते. मागण्या दोन होत्या. लिअँडर जातीच्या फ्रिगेट युद्धनौका मुंबईत बांधण्यासाठी साहाय्य आणि पाणबुड्या. पहिली मागणी मान्य झाली व त्यासाठी कर्जही मिळाले. पाणबुड्यांच्या बाबतीत मात्र भारताला परवडतील अशा अटी जमल्या नाहीत. तेव्हा पुढच्या वर्षी भारताने पाणबुड्यांसाठी सोव्हिएत संघाशी करार केला आणि ८ डिसेंबर १९६७ रोजी कलवरी ही भारताची पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली. एका दुकानी भाव पटला नाही, तर दुसऱ्या दुकानी जाण्याची मोकळीक असणे, हा अलिप्त राहण्याचा व्यवहारातला फायदा होय.

या साऱ्या खटपटीची कसोटी अपेक्षेपेक्षा फार लवकर लागली. १९६५ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानने काश्मीरात घुसखोर धाडले आणि १ सप्टेंबरला छांब भागात रणगाड्यांसह हल्ला चढविला. त्याच दिवशी यशवंतरावांनी वायुदलास कारवाईची अनुज्ञा दिली. ओझरचा कारखाना तेव्हा उभारला जात होता आणि वायुदलाजवळ मिग विमाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. म्हणून त्या युद्धाचा भार मुख्यतः हंटर, मिस्टेअर आणि बंगलोरला बनलेली छोटी नॅट विमाने यांनीच वाहिला. युद्ध पेटताच अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबविला. ब्रिटननेही भारताकडे येणारी सामग्री रोखली. दुकान ऐन वेळी बंद होते म्हणजे काय होते, ते देशाने प्रत्यक्ष पाहिले.

युद्धविराम झाल्यावर सोव्हिएत संघाने पुढाकार घेऊन दोन्ही देशांच्या नेत्यांना ताश्कंदला बोलाविले. शास्त्रीजींबरोबर परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग व यशवंतराव गेले होते. १० जानेवारी १९६६ रोजी करारावर सह्या झाल्या आणि त्याच रात्री, पहाट होण्यापूर्वी, शास्त्रीजींचे तेथेच निधन झाले. दीड-पावणेदोन वर्षांच्या अवधीत दोन पंतप्रधान गेले आणि दोन्ही वेळी यशवंतराव देशाच्या कामासाठी परदेशात होते. अशा प्रवासांतून ते पत्नी वेणूताईंना पत्रे लिहीत असत. ती पत्रे पुढे प्रसिद्ध झाली असून, एवढ्या थोर पदावरचा माणूस घरी किती साधेपणाने लिहितो, ते त्यांतून दिसते.

वाटाघाटींचे फळ दिसावयास वर्षे लागतात. मुंबईहून कल्याणला येणारा लोहमार्ग पुढे दोन दिशांना फुटतो. त्यातला नाशिककडे जाणारा फाटा शहाड, आंबिवली, टिटवाळा ही स्थानके मागे टाकून कसाऱ्याच्या घाटाकडे जातो. घाट चढून नाशिक गाठले की, तेथून सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत ओझर आहे. द्राक्षांच्या आणि कांद्याच्या या मुलखात १९६४ पासून विमानांचा कारखाना उभा राहू लागला. भारतीय अभियंते सोव्हिएत संघात शिकावयास गेले. तिकडचे तंत्रज्ञ ओझरला येऊन राहिले. निफाड तालुक्यातील शेतकऱ्यांच्या मुलांनी विमानाचा पत्रा केसभरही न चुकता कापण्याचे काम शिकून घेतले. १९७० मध्ये कच्च्या मालापासून भारतातच घडविलेले पहिले मिग-२१ वायुदलाच्या स्वाधीन झाले. मॉस्कोच्या त्या करारापासून याला सहा वर्षे लागली. यानंतरच्या काळात भारतात सहाशेंहून अधिक मिग-२१ विमाने बनली.

मुंबईत माझगाव गोदीतही हेच घडत होते. ही गोदी सरकारने १९६० मध्येच ताब्यात घेतली होती, पण तेथे एवढी मोठी युद्धनौका पूर्वी बांधलेली नव्हती. ऑक्टोबर १९६८ मध्ये निलगिरी या पहिल्या फ्रिगेटचे जलावतरण झाले आणि १९७२ मध्ये ती नौदलात आली. तिच्या पाठोपाठ हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी अशा पाच भगिनी आल्या. साऱ्यांना पर्वतांची नावे दिली, हे पाहून गंमत वाटते. पहिली नौका बव्हंशी ब्रिटिश आराखड्याबरहुकूम होती. शेवटच्या दोहोंत भारतीय अभियंत्यांनी मोठे बदल करून त्यांवर अधिक मोठे हेलिकॉप्टर उतरण्याची सोय केली. नक्कल करता करता विद्यार्थी स्वतः रेखाटू लागला होता.

१९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशाच्या मुक्तीसाठी युद्ध झाले, तेव्हा मिग-२१ विमानांच्या तुकड्या पुरत्या सज्ज होत्या. १४ डिसेंबरला त्यांनी ढाक्यातील राज्यपालांच्या निवासावर अचूक मारा केला आणि दोनच दिवसांनी तेथील पाकिस्तानी सेना शरण आली. त्या वेळी यशवंतराव अर्थमंत्री होते. पुढे १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले आणि अनेक देशांशी बोलणी करण्याचे काम पुन्हा त्यांच्याकडे आले.

या साऱ्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोव्हिएत शस्त्रे स्वस्त मिळत गेली, तशी भारताची त्यांवरील भिस्तही वाढली. १९६८ मध्ये सोव्हिएत संघाने पाकिस्तानलाही शस्त्रे विकण्याचे ठरविले, तेव्हा दिल्लीत अनेकांना धक्का बसला. १९९१ मध्ये तर सोव्हिएत संघच विसर्जित झाला आणि सुटे भाग मिळविताना भारताची मोठी तारांबळ उडाली. मिग-२१ विमानेही ठरल्यापेक्षा पुष्कळ अधिक वर्षे वापरावी लागली व अपघातांत अनेक तरुण वैमानिकांचे प्राण गेले. त्याला विमानाच्या वयाप्रमाणेच, त्याची जागा घेणारे विमान वेळेवर तयार झाले नाही, हेही कारण होते. परवान्याने विमान जोडता येणे आणि आपल्या बुद्धीने नवे विमान रचता येणे, यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर तोडण्यास भारताला मॉस्कोच्या करारानंतर कित्येक दशके लागली.

वायुदलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानांना निरोप दिला. तो समारंभ चंदीगडला झाला. १९६३ मध्ये त्यांची पहिली तुकडी तेथेच उभी राहिली होती. माझगाव गोदीत निलगिरी याच नावाची नवी युद्धनौका बांधली गेली व ती जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली; तिचा आराखडा भारतीयच आहे. ओझरच्या कारखान्यात २००४ पासून सुखोई-३० विमाने बनू लागली. भारतात रचलेल्या तेजस विमानांसाठीही तेथे जागा करण्यात आली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला तयार झालेले पहिले तेजस नाशिकच्या आकाशात उडाले.